गोष्टींतली पांगळी मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. या मंडळात मी आजवर केलेली कामे म्हणजे सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाची वाणे मोजून ठेवणे, आणि गेली दोन वर्षे दर शनिवारी दुपारी मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सांभाळणे. कार्यवाहताईंनी 'या वर्षी तुम्ही बोलायचे' असे सांगितले तेव्हा मी म्हटले, 'अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार?' त्या म्हणाल्या, 'मग कपाटातल्या पुस्तकांविषयीच बोला.' म्हणून हा कागद लिहून आणला आहे. शुद्धलेखन मुलीने तपासले आहे. विचार माझेच आहेत, आणि ते चुकले तर तेही माझेच.

माझा डावा पाय तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याविषयी कोणी मला कधी काही विचारीत नाही, हा तुमचा चांगुलपणा. पण आज तो पाय विषयातच येतो, म्हणून आधीच सांगून टाकते. १९८१ साली मी दोन वर्षांची असताना मला ताप भरला. ताप चार दिवसांत उतरला, पाय मात्र लुळा राहिला. पोलिओ. त्या काळी आमच्या पाटण तालुक्यातल्या खेड्यांतून असे एखादे पोर असायचेच. पुढे १९९५ पासून आपल्या देशात पल्स पोलिओचे डोस सुरू झाले, शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये बंगालमधल्या हावड्याकडे सापडला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओतून मुक्त झाल्याचा दाखला मिळाला. म्हणजे माझ्यासारखा पाय असलेली मी बहुधा या मंडळातली शेवटचीच. त्याचा मला आनंद आहे.

लहानपणी माझे फारसे अडले नाही. उजवा पाय भक्कम होता. लंगडीच्या खेळात तर मी कोणाला हार जात नसे. दुसऱ्या मुली एका पायावर दमायच्या, माझा जन्मच एका पायावर गेलेला. विहिरीवर, शेतावर, सगळीकडे मी जायची, फक्त इतरांच्या मागून पोहोचायची.

पाचवीत असताना शाळेचे स्नेहसंमेलन होते. रामायणातला प्रवेश बसवायचे ठरले. मला वाटले, आपण कौसल्या व्हावे, कारण कौसल्येला बसूनच बोलायचे होते आणि तिची भाषणे मला सगळी पाठ होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, 'तू मंथरा हो. तुला वेगळे वाकायला नको.' सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण त्या वेळी दुसरे काय करायचे ते मला ठाऊक नव्हते. काम मी चांगले केले. टाळ्या पडल्या. पण पुढची दोन वर्षे, सातवीतून शाळा सुटेपर्यंत, मुले मला मंथराच म्हणत.

आता एक गोष्ट न सांगितली तर ते अन्यायाचे होईल. हेच गुरुजी एकदा ओढ्याला पूर आला असताना मला खांद्यावर घेऊन पलीकडे पोहोचवून गेले होते. ते दुष्ट नव्हते. पुष्कळ वर्षे मी त्यांच्यावर मनातून रागावलेली होते. मग या कपाटातली पुस्तके वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, वाकड्या अंगाचे माणूस म्हटले की त्या गुरुजींना ठाऊक असलेली गोष्ट ती एकच होती. दुसरी कोणी त्यांना सांगितलीच नव्हती.

तुम्हीही आठवून पाहा. आपण मुलांना सांगतो त्या गोष्टींत व्यंग असलेली माणसे कोणकोणती आहेत? मंथरा कुबडी, ती घर फोडते. धृतराष्ट्र आंधळा, तो पुत्रप्रेमात बुडतो. आणि आंधळा होता म्हणूनच बुडाला, असे आपण सांगता सांगता सुचवतो. श्रावणबाळाचे आईवडील आंधळे. ते कावडीत बसलेले असतात, पाणी मागतात आणि शेवटी शाप देतात. त्यांच्याविषयी आणखी काही आपल्याला माहीत नाही. गोष्ट सगळी श्रावणाची. अष्टावक्राची गोष्ट मला फार आवडायची. बापाच्या पठणातली चूक आईच्या पोटातूनच दाखवली म्हणून बापाने शाप दिला, आणि पोर आठ ठिकाणी वाकडे जन्मले. ते एवढेसे पोर जनकराजाच्या सभेत जाऊन मोठ्या पंडिताला वादात हरवते. केवढी छान गोष्ट! पण महाभारतात तिचा शेवट काय होतो? बाप प्रसन्न होतो, मुलाला समंगा नदीत बुडी मारायला सांगतो, आणि मुलगा सरळ होऊन वर येतो. मी आजीला विचारले होते, 'जिंकला तेव्हा वाकडाच होता ना, मग नंतर सरळ कशाला केला?' आजी म्हणाली, 'बापाला बरे वाटावे म्हणून.' ती काही विनोदाने बोलली नव्हती.

त्याच आजीने मला दुसरी एक गोष्ट सांगितली. ती मला फार कोणी सांगताना आढळत नाही, म्हणून इथे थोडी विस्ताराने सांगते. कश्यप ऋषींच्या बायका कद्रू आणि विनता. कद्रूने हजार पुत्र मागितले, विनतेने दोनच, पण ते कद्रूच्या मुलांपेक्षा बळकट असावेत असे मागितले. दोघींना अंडी झाली. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटून नाग बाहेर आले. विनतेची मात्र तशीच. तिला धीर धरवेना, तिने एक अंडे फोडले. आत मुलगा होता, पण कमरेखालचे अंग अजून घडायचे होते. मुलगा आईवर रागावला, तिला म्हणाला, 'तू घाई केलीस, आता पाचशे वर्षे सवतीची दासी होशील. दुसऱ्या अंड्याला तरी हात लावू नकोस, त्यातला मुलगा तुला सोडवील.' तो दुसरा म्हणजे गरुड. आणि पाय नसलेला तो पहिला मुलगा म्हणजे अरुण. तो सूर्याचा सारथी झाला. त्याचे एक नाव अनूरु, म्हणजे मांड्या नसलेला.

आजी सांगायची, रथ हाकायला पाय लागतात कुठे, लगाम धरायला हात लागतात. पहाटे आकाश तांबडे झाले की ती मला उठवायची आणि म्हणायची, 'ऊठ, अरुण कामाला लागला.' या गोष्टीत अरुणाला कोणी कुठल्या नदीत बुडवून पाय आणून दिले नाहीत. आईवरचा त्याचा राग कोणी झाकला नाही. आणि त्याला काम मिळाले, तेही रोजचे. आपल्या घरोघरी अरुण नावाची मुले असतात, अरुणा नावाच्या मुली असतात. पण अरुणाला पाय नव्हते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आमच्या घरातही एक अरुणभावोजी आहेत. त्यांना हे मीच सांगितले तेव्हा ते चपापलेच.

माझी मुलगी कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. तिला मी विचारले, 'साहेबाच्या देशात कसे आहे गं?' तिने चारपाच पुस्तके वाचून मला त्यांच्या गोष्टी सांगितल्या, भाकऱ्या भाजता भाजता मी ऐकल्या. 'ट्रेझर आयलंड'मधला एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर चाचा. तो १८८३ च्या पुस्तकातला. त्याच्या आधीची, १८८१ ची, स्वित्झर्लंडच्या डोंगरातली 'हायडी'. तिच्यात क्लारा नावाची श्रीमंत घरची मुलगी चाकाच्या खुर्चीत असते. डोंगरावरची हवा आणि शेळीचे दूध मिळाल्यावर ती चालू लागते. १९११ च्या 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिन अंथरुणाला खिळलेला, तो बागेत जाऊन चालू लागतो. अमेरिकेतल्या केटीचे १८७२ सालचे पुस्तक आहे. ती झोक्यावरून पडते, काही वर्षे बिछान्यात काढते, सोशीक होते, मग चालू लागते. अँडरसनच्या १८३८ च्या गोष्टीत पंचवीस शिपाई एका जुन्या कथलाच्या चमच्यापासून केलेले. शेवटच्याला कथील पुरले नाही म्हणून एकच पाय. तो चालू लागत नाही, तो चुलीत जळून जातो.

मी मुलीला म्हटले, 'म्हणजे यांच्यातही एक तर लुटारू, नाही तर बरे होणारे, नाही तर जळून जाणारे.' ती म्हणाली, 'आई, तू फार कडक परीक्षा घेतेस.' असेल तसे. पण माझा पाय काही बरा झाला नाही, मी जळूनही गेले नाही, आणि चाचेगिरी करण्याची सोय पाटण तालुक्यात नव्हती. लग्न झाले, दोन मुले झाली, तीस माणसांचा स्वयंपाक मी एकटीने रांधला आहे. असे माणूस कोणत्या गोष्टीत आहे ते मला पाहायचे होते.

ते मला जपानी पुस्तकात सापडले. 'तोत्तोचान' हे पुस्तक आपल्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर आहे. तेत्सुको कुरोयानागी या बाईंनी ते १९८१ मध्ये लिहिले; माझा पाय गेला तेच साल. नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीत आणले. ही बनवलेली गोष्ट नव्हे. बाईंची स्वतःची तोक्योमधली लहानपणची शाळा, तोमोए नावाची. वर्ग भरायचे ते आगगाडीच्या जुन्या डब्यांत. कोबायाशी नावाचे मुख्याध्यापक. १९४५ च्या बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली.

या शाळेत यासुआकीचान नावाचा मुलगा आहे, त्याला पोलिओ झालेला. पाय ओढत चालतो, हाताची बोटेही वाकडी. तोत्तोचान त्याला सरळ विचारते की तू असा का चालतोस, आणि तो सरळ सांगतो की मला पोलिओ झाला होता. झाले! मला सगळ्या जन्मात इतक्या सरळपणे कोणी विचारलेले नाही. मागून हळू आवाजात बोलतात, किंवा आईला विचारायचे. त्या शाळेत प्रत्येक मुलाने चढण्यासाठी एकेक झाड आपले म्हणून ठरवलेले असते. यासुआकीला झाड नाही, कारण तो कधी चढलेलाच नाही. मग सुट्टीत तोत्तोचान घरी खोटे सांगून शाळेत जाते, आधी एक शिडी ओढून आणते, ती जमत नाही, मग घोडीची शिडी आणते, त्याला खालून ढकलते, वरून ओढते. घामाघूम होऊन दोघे एकदाचे फांदीवर बसतात. बाईंनी ते सगळे इतके सावकाश लिहिले आहे की वाचताना माझेच दंड दुखू लागले. तो मुलगा पुढे लहानपणीच जातो. ते प्रकरण आले की मी मुलांना वाचून दाखवण्याआधी स्वतः दोनदा वाचून घेतले, म्हणजे आवाज फुटणार नाही.

दुसरा मुलगा ताकाहाशी. त्याचे हातपाय आखूड, आणि उंची आता वाढणार नव्हती. शाळेच्या खेळांच्या दिवशी सगळ्या शर्यतींत तोच पहिला येतो. कसा? तर मुख्याध्यापकांनी शर्यतीच तशा शोधून काढल्या होत्या. कापडाच्या लांब माशाच्या पोटातून सरपटत जायचे. मोठी मुले अडकतात, हा सुळकन बाहेर. सभागृहाच्या ठेंगण्या पायऱ्या एकेक करून चढायच्या. लांब टांगांची मुले धडपडतात, हा तुरुतुरु वर. बक्षीस म्हणून मुळा आणि पालक अशी भाजी, घरी नेऊन रात्री शिजवायला. मला हे बक्षीस फार आवडले. आपल्याकडे पेले देतात, ते पुढे माळ्यावर पडतात.

आणि याच ताकाहाशीचे आणखी एक प्रकरण आहे. वर्गात माणसाला पूर्वी शेपूट असे, असा विषय निघतो आणि बाई गमतीने त्यालाच विचारतात की तुला अजून शेपूट आहे का. त्या दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापक त्या बाईंना स्वयंपाकघरात, मुलांना दिसणार नाही असे, फार कडक बोलतात. त्या मुलाला ही चेष्टा कशी लागली असेल याचा विचार केलात का, असे. बाई रडतात. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक उपडे ठेवून बराच वेळ बसून राहिले. गॅसवरचे दूध उतू गेले तेही कळले नाही. आमच्या गुरुजींना असे कोणी आत बोलावून सांगितले असते तर, एवढेच मनात येत राहिले.

आता आपल्या शनिवारच्या वाचनाविषयी. एका भगिनींचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलतो थोडा जड, पण समजते सगळे. त्यांच्या परवानगीनेच हे सांगते. गेल्या पावसाळ्यात मी मुलांना 'तोत्तोचान' वाचून दाखवायला घेतले. यासुआकीचे झाडावर चढण्याचे प्रकरण झाले त्या संध्याकाळी या भगिनी माझ्या घरी आल्या, त्या रागावूनच. म्हणाल्या, 'सगळ्या पोरांच्या माना माझ्या मुलाकडे वळल्या. तो चार घटका विसरून बसतो, तिथेही तुम्ही त्याला आठवण करून दिलीत. मुलांना असले दुःखाचे कशाला वाचायचे? परीच्या गोष्टी नाहीत का?'

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर त्यांचे निम्मे बरोबर होते. माना वळल्या होत्या, मी पाहिले होते. मंथरेच्या दिवशी माझ्याकडे वळल्या होत्या तशाच. मी चांगले करायला गेले आणि गुरुजींच्याच जागी जाऊन बसले की काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. आमच्या ह्यांनी सांगितले, 'पुढच्या शनिवारी दुसरे पुस्तक घे.' मी घेतलेही, बिरबलाचे. ते उघडणार, तर तो मुलगाच म्हणाला, 'गाडीची शाळा.' मी म्हटले, 'आज बिरबल.' तो पुन्हा, 'गाडीची शाळा.' त्याला यासुआकीविषयी काही विचारायचे नव्हते, ताकाहाशीविषयीही नाही. त्याला आगगाडीच्या डब्यात शाळा कशी भरते, डबे रुळावर असतात का, आणि मधल्या सुट्टीत गाडी सुटली तर काय, हे विचारायचे होते. एवढेच तीन आठवडे चालले. इतर मुलेही त्याच वादात पडली. माना वळायच्या थांबल्या, त्या पुस्तकामुळे की सवयीमुळे, ते मी सांगू शकत नाही.

त्याची आई आता कधी कधी मागे येऊन बसतात. पुस्तक त्यांना आवडले की नाही हे त्यांनी सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. ज्या दिवशी यासुआकी जातो ते प्रकरण होते, त्या दिवशी मी आदल्या रात्रीच त्यांना फोन करून कळवले होते. त्या मुलाला घेऊन आल्या. तो काही बोलला नाही. शेजारची मुलगी मात्र रडली.

मुलीने मला मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, तूलिका प्रकाशनाचे एक चित्रांचे पुस्तकही दाखवले. त्यात डिप डिप नावाची मुलगी हरवलेल्या मांजराला शोधायला निघते. ती चाकाच्या खुर्चीत बसते, आणि व्रात्य आहे. मला तिचा व्रात्यपणा सर्वांत पसंत पडला. पांगळी मुले पुस्तकांत फार शहाणी आणि सोशीक असतात. मी नव्हते. मी मुलींच्या वेण्या बाकाला बांधून ठेवीत असे. अशी आणखी दोनचार पुस्तके घेण्यासाठी मंडळाने या वर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी, अशी माझी विनंती आहे. पण घेण्यापूर्वी कोणी तरी ती वाचून पाहावीत. मुखपृष्ठावर चाकाची खुर्ची आहे म्हणून पुस्तक चांगले असते असे नाही. ज्यात शेवटी टाळ्या वाजवून सगळे त्या मुलाचे कौतुक करतात, तसली दोन पुस्तके मी परत केली आहेत.

शब्दांविषयी मघाशी एका ताईंनी विचारले, की 'पांगळी' असे भाषणाच्या नावात बरे दिसते का. सरकारी कागदावर पूर्वी अपंग लिहीत, मग विकलांग आले, आता दिव्यांग लिहितात. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. ज्या आईला मुलासाठी दाखला काढायचा असेल तिने हे लक्षात ठेवावे, कारण पूर्वी नाही म्हणून परत पाठवलेले पुष्कळ प्रकार आता बसतात. मला स्वतःला कुठल्याही शब्दाने हाक मारा, मंथरा सोडून.

शेवटी एक अडचण सांगते आणि बसते. आपले कपाट वरच्या मजल्यावर आहे. सोळा पायऱ्या आहेत, आणि कठडा एकाच बाजूला. मी कठड्याला धरून चढते, मला सवय आहे. त्या मुलाला त्याची आई कडेवर घेऊन येते. तो आता नऊ वर्षांचा झाला, पुढच्या वर्षी त्यांना तो उचलणार नाही, आणि त्यालाही ते आवडेनासे झाले आहे. खाली, शिवणवर्गाच्या शेजारच्या खोलीत, जिथे आपण मोडक्या खुर्च्या ठेवतो, तिथे कपाट बसते. मी फुटपट्टीने मोजून पाहिले आहे. पुस्तके मी आणि शनिवारची मुले मिळून उतरवू. कपाट लोखंडी आहे, त्याला चार माणसे लागतील. आमचे हे आणि अरुणभावोजी येतो म्हणाले आहेत. आणखी दोघे पाहिजेत. रविवारी सकाळी नऊला.